टँकरची वाट पाहू नका, विहिरीचा गाळ काढा

प्रभूमध्ये प्रिय बंधू, सलाम.

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुमची गावातली मंडळी, म्हणजे चर्च, शंभर वर्षांहून जुनी आहे. रविवारच्या उपासनेला पुढच्या बाकांवर म्हातारी माणसे असतात, मागे दोन-चार बायका, आणि तरुण जवळजवळ नाहीतच. ते शनिवारी संध्याकाळी तालुक्याला हिंदी-इंग्रजी गाण्यांच्या फेलोशिपला जातात. वर्षातून दोनदा संजीवन सभा, म्हणजे विझलेला विश्वास पुन्हा जागवायच्या सभा, होतात, मांडव पडतो, बाहेरचे वक्ते येतात, लोक रडतात, हात वर करतात आणि महिन्याभरात सारे होते तसे. मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पंच कमिटीच्या निवडणुकीवरून दोन घराण्यांत बोलणे बंद आहे. मंडळीत खरे संजीवन कशाने येईल आणि ते माणसाच्या हातात आहे का, असे तुम्ही विचारता. शेवटी जरा दबकत हेही विचारले आहे, की आम्हीही दुसरीकडे जावे का.

मी चौतीस वर्षे पाळक, म्हणजे मंडळीचा धर्मगुरू, आहे. त्यातली बहुतेक वर्षे तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात गेली, म्हणजे तुम्ही लिहिलेली मंडळी मी डोळ्यांनी पाहिलेली आहे. तीच बाके, तीच घंटा, तेच भांडण. म्हणून पुस्तकातले नाही, पाहिलेले लिहितो.

आपण दुष्काळी पट्ट्यातली माणसे, आपल्याला टँकर माहीत आहे. टँकर आला की हंडे-कळशा घेऊन सगळा गाव धावतो, दोन दिवस बरे जातात, आणि मग पुन्हा रस्त्याकडे डोळे. टँकरला मी वाईट म्हणत नाही, तहानलेल्याला पाणी मिळते. पण टँकर येतो म्हणून गावाने आपली विहीर बुजू दिली, तर ते गाव कायमचे टँकरवर जगते. आपल्या संजीवन सभांचे नेमके हेच झाले आहे. तीन दिवसांचा वक्ता येतो, पाणी देतो आणि जातो. विहिरीत काय साचले आहे हे त्याला माहीत नसते, आणि आपण त्याला सांगत नाही.

पवित्र शास्त्रात, उत्पत्तीच्या सव्विसाव्या अध्यायात इसहाकाची गोष्ट आहे. बापाच्या, अब्राहामाच्या काळात खणलेल्या विहिरी पलिष्ट्यांनी माती टाकून बुजवल्या होत्या. इसहाकाने त्या पुन्हा उकरल्या आणि बापाने ठेवलेलीच नावे त्यांना ठेवली. पुढे त्याच्या चाकरांनी नव्या विहिरी खणल्या, तर गुराखी पाण्यावरून भांडायला आले. एका विहिरीचे नाव पडले एसेक, म्हणजे कलह. दुसरीचे सितना, म्हणजे वैर. तिसरीवर मात्र कोणी भांडले नाही, तिचे नाव रहोबोथ, मोकळी जागा. आपल्या जुन्या मंडळ्यांवर उपदेश करायचा तर मला याहून चांगला उतारा सापडलेला नाही. पाणी खाली आहे. पूर्वजांनी ते एकदा काढून दाखवले आहे. वर माती पडली आहे, आणि त्यातली बरीच आपण स्वतः टाकलेली आहे.

सगळ्यात जड माती तुम्ही सांगितलीच आहे, आपसातले वैर. त्यावर जरा सविस्तर लिहितो, कारण तिथे मी स्वतः एक चूक केली होती.

नेवासे तालुक्यातल्या एका गावी मी पाळक होतो. दोन सख्खे भाऊ, दोघेही मंडळीत मानाचे. आधी शेताच्या बांधावरून फाटले, मग तेच भांडण पंच कमिटीत आले. एक भाऊ पेटीजवळच्या बाकावर बसायचा, दुसरा दाराजवळ. प्रभुभोजनाची, म्हणजे ख्रिस्ताच्या आठवणीने सगळे मिळून घेतात ती भाकर दोघेही घ्यायचे आणि दोघेही वेगवेगळ्या दाराने बाहेर पडायचे. एका रविवारी मी मत्तयाच्या पाचव्या अध्यायातले वचन घेतले: वेदीपाशी अर्पण आणल्यावर भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर. आणि व्यासपीठावरून जाहीर केले, की हे भांडण मिटेपर्यंत प्रभुभोजन होणार नाही.

मंडळी भडकली. हा अधिकार तुम्हाला कोणी दिला, असे मला तोंडावर विचारले गेले. वर तक्रारअर्ज गेला. आज मला वाटते, त्यांचे चुकले नव्हते. भांडण दोघांचे आणि उपाशी सगळी मंडळी, हा कुठला न्याय? मी आधी त्या दोघांच्या घरी जायला हवे होते, एकदा नाही, दहादा. त्याऐवजी मी व्यासपीठावर उभा राहून लांबून दगड टाकला. प्रभूने मत्तयाच्या अठराव्या अध्यायात क्रम सांगून ठेवला आहे: आधी एकट्याने एकट्याला, मग एक-दोघांना घेऊन, मग मंडळीपुढे. मी तो उलटा केला होता.

तिसऱ्या आठवड्यात रात्री नऊच्या सुमारास थोरला भाऊ हातात बॅटरी घेऊन पाळकबंगल्याच्या पायरीशी उभा राहिला. म्हणाला, "पाळकसाहेब, चला." कुठे ते त्याने सांगितले नाही, मी विचारले नाही. बांधावरून आम्ही पुढे-मागे चालत गेलो, ज्या बांधावरून सगळे झाले त्याच बांधावरून. धाकट्याच्या अंगणात कुत्रे भुंकले. भावजय बाहेर आली, थोरल्याला पाहून आत गेली, आणि पाण्याचे दोन तांबे घेऊन आली. धाकटा खाटेवरून उठला, खाट आम्हाला दिली आणि स्वतः पोत्यावर बसला. बराच वेळ कोणी बोलेना. मग कांद्याच्या भावाची गोष्ट निघाली. मग पुन्हा शांतता. आणि धाकट्याने खाली बघतच विचारले, "दादा, गुडघा कसाय आता?"

थोरला तोंडावर उपरणे धरून रडला. माफी कोणी मागितली नाही, कोणी दिली नाही. मी प्रार्थना केली तीही चार वाक्यांची. निघताना धाकटा म्हणाला, "रविवारी इकडूनच ये, बरोबरच जाऊ." पुढच्या रविवारी प्रभुभोजन झाले. त्या दिवशी रडणे नाही, गडबड नाही, तेच जुने गाणे. पण भाकरीचे ताट दाराजवळच्या बाकापाशी गेले तेव्हा दोघे भाऊ शेजारी बसले होते, आणि सगळी मंडळी मान खाली घालूनही तिकडेच पाहत होती.

उपस्थिती त्यानंतर वर्षभर वाढली नाही, हेही सांगतो. वाढले ते वेगळेच. बुधवारच्या प्रार्थनेला, जिथे पाच बायका यायच्या, तिथे पुरुष येऊ लागले. एका घरातल्या कर्त्या माणसाने येऊन मंडळीच्या पैशांतले स्वतःकडे राहिलेले अडीच हजार रुपये परत केले. कोणी मागितले नव्हते. विहिरीला पाझर फुटतो तो असा, एका कपारीतून, बोटभर.

दुसरा गाळ अधिक खोल आहे आणि दिसत नाही, तो म्हणजे सवय. आपण जन्माने ख्रिस्ती आहोत. पणजोबांनी बाप्तिस्मा घेतला, आजोबा मिशनच्या शाळेत मास्तर होते, घरात फ्रेममध्ये वचन आहे, नाताळला दारावर तारा लागतो. एवढ्यावर माणूस साठ वर्षे ख्रिस्ती राहू शकतो, ख्रिस्ताशी एक शब्दही न बोलता.

याबाबतीत मला पंडिता रमाबाईंची साक्ष फार आधार देते. रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमध्ये झाला. संस्कृतात पारंगत, शास्त्रे तोंडपाठ असलेली बाई पूर्ण विचारांती ख्रिस्ती झाली. भारतात येऊन १८८९ मध्ये त्यांनी शारदा सदन काढले. आणि तरीही त्यांनी स्वतः पुढे प्रांजळपणे लिहून ठेवले, की मला ख्रिस्ताचा धर्म सापडला होता, खुद्द ख्रिस्त सापडला नव्हता. तो बाप्तिस्म्यानंतर आठेक वर्षांनी सापडला. रमाबाईंना हे म्हणायला कमीपणा वाटला नाही. आपल्याला वाटतो, कारण आपण वडीलजन असतो, पंच असतो, पाळक असतो.

मीही यातून गेलो आहे. सेवेच्या दहाव्या-अकराव्या वर्षी माझ्या लक्षात आले, की मी पवित्र शास्त्र फक्त उपदेश तयार करायला उघडतो आहे. लोकांसाठी प्रार्थना करत होतो, स्वतः प्रार्थनेत बसत नव्हतो. कोरड्या विहिरीवर रहाट फिरवल्यासारखी ती दोन वर्षे होती, आणि माझ्या उपदेशाची मंडळीत तेव्हाच सर्वांत जास्त स्तुती होत होती. म्हणून तुमच्या पाळकांवर रागावण्याआधी त्यांच्यासाठी कोणी रोज प्रार्थना करते आहे का, हे पाहा. पाळकाला विचारणारे कोणी नसते.

रमाबाईंचे पुढचेही सांगायला हवे, कारण संजीवन म्हटले की सगळे केडगावचे, म्हणजे तिथल्या रमाबाईंच्या मुक्ती या निराधार स्त्रिया-मुलींच्या आश्रमाचे, नाव घेतात आणि फक्त १९०५ च्या जूनची गोष्ट सांगतात. मुली रडू लागल्या, पापे कबूल करू लागल्या, वर्ग थांबले, आणि त्या जागृतीची बातमी देशोदेशी गेली. हे खरेच आहे. पण जूनच्या आधी जानेवारी होता. जानेवारीत रमाबाईंनी आपल्या लोकांना विचारले, की संजीवनासाठी रोज माझ्याबरोबर प्रार्थनेला कोण बसेल? सत्तर जणी पुढे आल्या. त्या रोज बसत राहिल्या, हळूहळू भर पडत गेली, आणि जूनपर्यंत ही संख्या साडेपाचशेच्या घरात गेली होती, तीही दिवसातून दोनदा. पाच महिने काहीच दिसत नव्हते. आपण तीन दिवसांत उतरवायला बघतो ते त्यांनी पाच महिने मागितले.

आणि जूननंतरचेही बघा. मुक्तीतले शेत, विणकाम, छापखाना चालूच राहिला. प्रार्थना करणाऱ्या मुलींचे गट आसपासच्या गावांत सुवार्ता घेऊन गेले. आणि रमाबाई स्वतः कशाला बसल्या? मूळ इब्री (हिब्रू) आणि ग्रीक भाषा शिकून सगळ्या पवित्र शास्त्राचे सोप्या मराठीत भाषांतर करायला, खेड्यातल्या कमी शिकलेल्या बाईलाही कळेल असे. १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या. शास्त्र छापून बाहेर आले ते १९२४ मध्ये. संजीवन म्हणजे कायम रडणे नव्हे. आत्मा उतरला म्हणजे माणूस एखाद्या कामाला पंधरा-पंधरा वर्षे चिकटून बसू शकतो.

सभेतल्या अश्रूंना मी खोटे म्हणत नाही. लोक रडतात ते खरेच रडतात, त्यांच्या घरी रडण्यासारखे पुष्कळ असते. मी फक्त सहा महिने थांबून पाहतो. दारू सुटली का? बायकोवर उठणारा हात थांबला का? घेतलेले परत केले का? लूकच्या एकोणिसाव्या अध्यायात जक्कय या जकातदाराच्या घरी प्रभू गेला, तेव्हा जक्कयाने गाणे म्हटले नाही, हिशेब मांडला: अर्धे गरिबांना, आणि ज्याचे फसवून घेतले त्याला चौपट. त्यावर प्रभू म्हणाला, की आज या घराला तारण झाले आहे.

हिशेबाचे निघाले आहे तर हेही. तुमच्या मंडळीचा जमाखर्च दर महिन्याला दारावर लावा. अर्पण किती, वीजबिल किती, पाळकाचा पगार किती, शिल्लक किती. मंडळ्यांच्या जागांवरून, ट्रस्टवरून खटले किती वर्षे चालतात हे तुम्ही पाहिलेले आहे. जिथे पैसा झाकलेला असतो तिथे माणूस प्रार्थनेत डोळे मिटत नाही, शेजाऱ्याकडे बघत राहतो.

जातीबद्दल लिहिणे टाळणार होतो, पण टाळले तर प्रामाणिक राहणार नाही. आपल्या भागातले बहुतेकांचे पूर्वज महार आणि मांग समाजांतून ख्रिस्ताकडे आले. गावकुसाबाहेर ठेवलेल्या माणसांना प्रभूने आपल्या मेजावर बसवले, याहून मोठी सुवार्ता या मातीत कोणी ऐकली नव्हती. आणि आज आपल्याच घरांत लग्न जुळवताना हळूच विचारतात, "मूळचे कोण?" हा प्रश्न ज्या घरात विचारला जातो त्या घराने प्रभुभोजनाच्या एका प्याल्याचा अर्थ अजून ऐकलेला नाही. यावर सभा भरवून उपयोग होत नाही. ज्याच्या मुलाचे लग्न ठरते आहे त्याने एकदा हा प्रश्न विचारायला नकार द्यायचा, एवढेच करता येते, आणि ते फार कठीण आहे.

आता तरुण. त्यांच्यावर रागावू नका आणि गिटारला दोष देऊ नका. मी माझ्या मंडळीतल्या मुलांना विचारले होते, की तिकडे का जाता? एकीने सांगितले, "तिथं मी एक आठवडा गेले नाही तर फोन येतो." बस, एवढेच. आपल्याकडे मुलांना आठवण होते ती नाताळचा मांडव घालताना आणि खुर्च्या उचलताना. नोकरीची मुलाखत कशी झाली, आई आजारी आहे ती कशी आहे, हे विचारायला आपल्याकडून कोण जाते? तरुण संघाच्या सभेत आपण त्यांना त्यांचे कर्तव्य सांगतो. त्यांना शंका असतात, खऱ्या शंका, आणि शंका काढली की आपण म्हणतो, विश्वास कमी पडतोय.

भाषेचे मात्र मला मनापासून वाईट वाटते. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताच्या पायांशी आलो, असे ते सांगत. म्हणूनच त्यांनी ख्रिस्ताला अभंगात, ओवीत, पदांत गायले. आपल्या उपासनासंगीत या गीतांच्या पुस्तकात त्यांची कितीतरी पदे आहेत आणि आपण ती अशा रडव्या चालीत ओढतो की मुलांना वाटते, हे म्हाताऱ्यांचे आहे. एका उन्हाळ्यात मी मंडळीच्या पायऱ्यांवर संध्याकाळी पेटी आणि ढोलकी मांडली. उपदेश नाही. एक पद घ्यायचे, आधी त्याचा अर्थ उलगडायचा, हे लिहिताना कवीच्या घरात काय चालले होते ते सांगायचे, नवऱ्याने धर्म बदलल्यावर लक्ष्मीबाईंनी काढलेली वर्षे सांगायची, आणि मग ठेक्यात म्हणायचे. पहिल्या दिवशी चौघे होते. गिटारवाला मुलगाही पुढे आला आणि त्याने ढोलकीबरोबर सूर जुळवले. दोन्ही वाद्ये एका पायरीवर बसू शकतात.

हे सगळे माणसाच्या हातात आहे का, असे तुम्ही विचारले होते. योहानाच्या तिसऱ्या अध्यायात प्रभू निकदेमाला सांगतो, की वारा पाहिजे तिकडे वाहतो. इब्रीत आणि ग्रीकमध्ये वारा आणि आत्मा यांना एकच शब्द आहे. आमच्या लहानपणी खळ्यावर बाजरी उफणताना वडील तिवईवर सूप घेऊन उभे राहायचे आणि वाट पाहायचे. वारा आणणे त्यांच्या हातात नव्हते. पण मळणी झालेली असायची, खळे सारवलेले असायचे, सूप भरलेले असायचे. वारा सुटला त्या घटकेला ते तयार होते. वारा नाही म्हणून जो घरी निजला त्याचे धान्य वारा सुटूनही भुशातच राहिले. मला संजीवनातला देवाचा भाग आणि आपला भाग एवढाच कळतो.

तर सुरुवात कुठून? तुमच्या घरातून. दिवेलागणीला कुटुंबप्रार्थना होत असे, ती टीव्हीने गिळली. ती पुन्हा सुरू करा. दहा मिनिटे पुरेत: एक स्तोत्र वाचा, मुलालाही एक ओळ वाचू द्या, ज्याच्याशी बिनसले आहे त्याचे नाव घेऊन प्रार्थना करा. नाव घेऊन. मोघम प्रार्थनेने राग जात नाही. मग आणखी दोन-तीन घरे शोधा. केडगावला सत्तर होत्या, तुम्हाला तिघे पुरे आहेत, प्रभूने दोघा-तिघांचेच वचन दिले आहे. पंच्याऐंशीव्या स्तोत्रातली विनंती, आम्हांला पुन्हा जिवंत कर, ही रोज करा, आणि निदान पाच महिने कोणाला सांगत फिरू नका.

यंदाची संजीवन सभा रद्द करा असे मी म्हणणार नाही. पण वक्त्याला आधी पत्र लिहून तुमच्या मंडळीचे खरे दुखणे कळवा. आणि मांडवाच्या खर्चातून थोडे काढून ठेवा, मंडळीत कोणाची फी अडली असेल, कोणाचे औषध.

दुसरीकडे जाण्याबद्दल. जिथे वचन खोटे शिकवले जाते किंवा लेकराबाळांना धोका आहे, तिथून निघावे, त्यात पाप नाही. पण फक्त कोरडे वाटते म्हणून निघणार असाल तर थांबा. तुम्ही चार पानांचे पत्र लिहिलेत, त्यात दोन्ही घराण्यांतल्या प्रत्येकाबद्दल लिहिलेत, कोण कधीपासून कोणाशी बोलत नाही हे तुम्हाला माहीत आहे. ज्याला एवढे दुखते त्याच्या हातात फावडे आधीच दिलेले आहे, असे मी समजतो.

त्या दोन घरांपैकी एका घराशी तुमचे नाते आहे, असे तुम्ही लिहिले आहे. तर पुढच्या प्रभुभोजनाच्या आधीच्या शनिवारी तिथे जा. मी केले तसे व्यासपीठावरून काही जाहीर होऊ देऊ नका. पाळकांना बरोबर घ्या, पण बोलायला लावू नका. निवडणुकीचा विषय काढू नका. गुडघा विचारा, नातू विचारा, पाऊस विचारा. चहा आला तर घ्या. आणि निघण्याआधी घरी सांगून जा, म्हणजे तुम्ही परत येईपर्यंत कोणीतरी प्रार्थनेत बसलेले असेल.